निळ्या झाकणाच्या बरण्या

असले अतर्क्य अनुभव मी आजवर चहा पिता पिता वाचायचे आणि मनातल्या मनात खोडून काढायचे. वायरिंग खराब असेल, झोप झाली नसेल, कुणीतरी गंमत केली असेल... मी कॉम्प्युटर शिकलेली बाई. काहीही घडलं तरी त्याची नोंद कुठेतरी सापडतेच, असं मानणारी. आज स्वतःच लिहायला बसलेय, आणि माझा अनुभव कुणी खोडून काढला तर बरं होईल असं वाटतंय.

माहेर भिंगारचं, सासर सोनईचं. सोनईत घरामागच्या खोल्यांत मी आणि माझी मोठी जाऊ, सुनंदाताई, चटण्या करून विकायचो. जवस, कारळं, शेंगदाणा, लसूण. भाजणं-कुटणं त्यांचं, विकणं माझं. राहुरीच्या एका प्रदर्शनात स्टॉल लावला तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांनी ईमेल पत्ते दिले होते. त्यांच्याशी संपर्क ठेवायचा तर तयार मार्केटिंग सेवांचं भाडं आम्हाला झेपणारं नव्हतं. मग मी एक जुना कॉम्प्युटर मिळवला, त्यावर लिनक्स टाकलं आणि सगळं ओपन-सोर्स, म्हणजे फुकट मिळणाऱ्या, सॉफ्टवेअरवर घरातच उभं केलं. गिऱ्हाइकांचे पत्ते ठेवायला एक प्रोग्रॅम, सगळ्यांना एकदम ईमेल पाठवायला दुसरा, वेबसाईटवर कोण काय बघतंय ते मोजायला तिसरा. वाचायला सोपं वाटतं, पण माझा जीव गेला त्यात. सुरुवातीला आमचे ईमेल सगळ्यांच्या स्पॅममध्ये जाऊन पडायचे. मी डोकं धरून बसायचे आणि सुनंदाताई शेजारी लसूण सोलत विचारायच्या, "आज तरी पोचलं का गं, मनीषा?"

मजकूर मात्र त्यांचाच असायचा. मोबाईलमध्ये बोलून टाईप करायच्या. मी 'हाय'चं 'आहे' करायला गेले की अडवायच्या. "र्‍हाऊ दे. मी बोलती ना? मग माझ्यावानीच दिसू दे." लोकांना तेच आवडलं. चटणीपेक्षा सुनंदाताईंच्या ईमेलची वाट बघतो, असं लोक कळवायचे. आमच्या दोघींचं स्वतःचं म्हणावं असं आयुष्यात हे एवढंच होतं.

मग त्यांना डेंग्यू झाला. नगरला दवाखान्यात नेलं, तिथून त्या परत आल्याच नाहीत.

पुढचे काही महिने मी त्या खोल्यांचं दारही उघडलं नाही. शेवटी माझा नवरा विलास म्हणाला, असंच बंद पडू दिलं तर वहिनीला वाईट वाटेल. मी पुन्हा कढई चढवली. आधी पाकिटांतून तेल गळायचं, म्हणून विलासनं नगरहून काचेच्या बरण्या आणल्या. निळ्या झाकणांच्या. गिऱ्हाइकांना मी फक्त 'नवी खेप तयार आहे' एवढंच कळवलं. ताई गेल्याचं वाक्य मला टाईप करताच आलं नाही. ऑर्डरी भरभरून आल्या, बरण्या कुरिअरनं रवाना झाल्या... आणि लगेच कॉम्प्युटर बंद पडला. आतला वीजपुरवठ्याचा डबा जळाला होता. मी तो भिंगारला दुरुस्तीला नेला.

दुपारची वेळ. दुकानात काउंटरवर कॉम्प्युटर उघडा पडलेला, डबा काढून बाजूला ठेवलेला, वायरी लोंबतायत. मी समोरच्या स्टुलावर बसलेली. तेवढ्यात फोन आला. पुण्याच्या एक काकू होत्या, आमच्या अगदी पहिल्यापासूनच्या गिऱ्हाईक.

"अगं, आत्ताच तुमचा ईमेल आला. चटणीत काही झालंय का?"

मी म्हटलं, कुठला ईमेल? त्यांनी वाचून दाखवला.

"निळ्या झाकनाची बरनी आली आसंल तर उघडू नका. जशी हाय तशी ठिवा. आमी न्यायला येतो. रागावू नका. — सुनंदा."

काकू पुढे म्हणत होत्या, "सुनंदाताईंनाच दे ना फोन."

"त्या नाहीत, काकू."

"मग संध्याकाळी करू?"

"नाहीत म्हणजे... गेल्या त्या. मागच्या वर्षी."

काकू अगदी हळू म्हणाल्या, "पण बाळा, हे त्यांचंच बोलणं आहे गं."

तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकांचेही फोन यायला लागले होते. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना तोच ईमेल गेल्याचं कळलं. ज्यांनी जुनी पाकिटं नेली होती, त्यांनाही.

आता तुमच्या मनात येईल ते सगळं माझ्याही मनात आलं. त्यांनी आधीच लिहून, तारीख लावून ठेवला असेल? निळी झाकणं त्या गेल्यानंतर घरात आली. त्यांनी ती पाहिलीच नव्हती. कुणी पासवर्ड चोरला? पासवर्ड फक्त मला माहीत होता. आणि पत्ते ज्या कॉम्प्युटरमध्ये होते, तो माझ्या डोळ्यांसमोर उघडा, वीज नसलेला पडला होता. आमचे ईमेल पुढे पोचवणारी बाहेरची एक सेवा होती, तिच्याकडेही त्या दिवसाची एकही नोंद नाही. काकूंनी पुढे पाठवलेला ईमेल मी आतून-बाहेरून तपासला. पत्ता आमचाच, ईमेलवरच्या डिजिटल खुणाही आमच्याच. दुरुस्त झालेल्या कॉम्प्युटरमध्ये मात्र काही नाही. जणू कुणी काही पाठवलंच नाही.

घरी सांगितलं तेव्हा सुनंदाताईंचे यजमान — आम्ही त्यांना दादा म्हणतो — ओसरीवर बसून होते. ईमेल त्यांनी स्वतः वाचायला मागितला. मोबाईल डोळ्यांजवळ धरून वाचला, परत वाचला.

"लॅबमधून तपासून घेऊ," मी म्हणाले.

"घे. पर ती उघडू नका म्हनली ना? मंग कुनी उघडायची न्हाई."

बरण्या परत मागवल्या. विलासनं टेम्पो घेऊन पुण्याच्या जवळजवळ सगळ्या बरण्या स्वतः गोळा केल्या. खेपेतल्या काही मी पुण्याच्या लॅबला दिल्या. मी वाट बघत होते की काहीतरी निघेल. बुरशी, काचेचा कण, काहीही. निघालं असतं तर मी ताईंचा फोटो छातीशी धरून रडले असते आणि मान्य केलं असतं की माझ्या जावेनं लोकांना वाचवलं.

रिपोर्ट आला. चटणी निर्दोष.

माझा विश्वास बसेना. दुसऱ्या लॅबला दिली, तिथेही तेच. एकदा घरात कुणी नसताना मी एक बरणी उघडली आणि भाकरीबरोबर खाल्ली. पुढचे काही दिवस तीच खात राहिले. मला काहीही झालं नाही. चटणी चांगली झाली होती. फार चांगली.

दादांनी उरलेल्या सगळ्या बरण्या शेताच्या कडेला खड्डा करून पुरल्या. मी थांबवलं नाही.

रिपोर्ट सगळ्यांना पाठवला, तरी ऑर्डरी आल्या नाहीत. एकदा 'उघडू नका' असं वाचलेली बरणी पुन्हा कोण मागवेल? काकूंनी सांत्वनाचा फोन केला, चटणीचा विषय दोघींनीही टाळला. खोल्यांत आता विलासचं खतांचं सामान असतं.

कुणी म्हणतं, लॅबला सापडलं नाही असं काहीतरी त्यात असणार, ताईंनी तुम्हाला तारलं. माझी आई म्हणाली, तिच्या पश्चात तू एकटीनं धंदा केलास, ते तिला रुचलं नसेल. हे ऐकून मी आईशी आठवडाभर बोलले नाही. ज्या बाईनं मला सासरी पहिल्या दिवसापासून लेकीसारखं सांभाळलं, ती असं करेल? आणि करणार नसेल, तर मग ते काय होतं? या दोन्हींच्या मध्ये मी कुठेतरी अडकून पडलेय. आधी मी त्यांना फक्त गमावलं होतं. आता त्यांची आठवण आली की मी घाईनं दुसऱ्या कामाला लागते.

माझ्याकडे कसलंच स्पष्टीकरण नाही. शोधणंही सोडलं. कॉम्प्युटर विकण्याआधी एकच वेडेपणा केला. पुण्याला काकूंकडे गेले आणि त्यांना सांगून, त्यांच्याच मोबाईलवरून त्या ईमेलला उत्तर पाठवलं. एकच शब्द लिहिला — "का?"

ते उत्तर आमच्याच पत्त्यावर येणार, हे मला माहीत होतं. तसंच झालं. घरी पोचले तर इनबॉक्समध्ये सगळ्यात वर, न वाचलेलं, माझंच 'का?' पडलं होतं.