धुरी दिलेलं पिंप

पिंपमामांना वास येत नसे. तरुणपणी आलेल्या एका तापात नाक गेलं आणि त्यासोबत जिभेची चवही बरीचशी गेली. आणि धंदा काय, तर शिंदी विकण्याचा. जळकोटच्या ओढ्याकाठी शिंदीच्या झाडांचं बन होतं, त्याचा ठेका निजाम सरकारकडून मामांकडे होता. सकाळी झाडावरून मडकी उतरवायची आणि पहिला घोट दुसऱ्याला द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता.

त्यांच्याकडे सोलापुराहून आणलेलं एक लाकडी पिंप होतं. जांभळं पिकली की ते पिंप उपडं घालून त्याखाली बाभळीच्या ढलप्या पेटवत. आतून धूर चांगला मुरला की त्यात शिंदी आणि कुस्करलेली जांभळं भरून तोंड चिखलानं लिंपून टाकत. हे पेय विकायचं नसे. मनाला येईल त्याला द्यायचं.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमचं घर त्यांच्या शेजारी. सासूबाई पोटाचं औषध म्हणून वाटीभर घेत. एकदा मामांनी त्यांच्यादेखत माझ्यापुढं वाटी धरली.

"सूनबाई, चाखून सांगा. तुमच्या हातची आंबील लोक नावाजतेत."

मी जरा बिचकतच घोट घेतला. दात आंबले.

"आंबट हाय," मी म्हटलं. "मग जांभूळ. आन् शेवटी चुलीपाशी बसल्यागत लागतंय."

"धूर मागनं येतो व्हय?" मामांनी डोळे मिटून घेतले. "लई बेस." तेव्हापासून दर वर्षी पहिली वाटी माझी.

निजामाचं राज्य जाण्याच्या आदल्या वर्षी शिंदीची झाडं पाडायची चळवळ आली. झाडं गेली की सरकारचं उत्पन्न बुडतं, असा विचार. आमचे हे त्यात पुढे होते. दारू-शिंदीला शिवायचं नाही, अशी शपथही त्यांनी घेतली होती. आदल्या दिवशी ते स्वतः मामांकडे गेले.

"मामा, उद्या सकाळी बन पाडणार आहोत. तुम्ही मध्ये येऊ नका."

मामा म्हणाले, "मडकी तेवढी उतरवू द्या."

सकाळी ते एकेका झाडावर चढले, मडकी खाली आणली आणि बांधावर जाऊन बसले. कुऱ्हाडी थांबेपर्यंत तिथून हलले नाहीत. हे त्याच दुपारी निजामाची हद्द ओलांडून सोलापूरकडे गेले.

संध्याकाळी पोलीस जमादार आला. झाडं कुणी पाडली, असं त्यानं मामांना दरडावून विचारलं. मी दाराआड उभी होते.

"मला कुठला वास लागतोय, साहेब?" मामा म्हणाले. "माझं नाकच गेलंय."

त्यांना चौकीवर नेलं. परत आले तेव्हा एक डोळा सुजून मिटला होता. सासूबाई हळद लावायला गेल्या, तेव्हा म्हणाले, "पोराला निरोप धाडा, घरी सगळं ठीक हाय म्हणून." आपल्या डोळ्याचं कळवू नका, असंही बजावलं.

राज्य गेलं, हे परत आले. तोवर शेवटचं पिंप तसंच लिंपलेलं होतं. मामांनी त्याचं लिंपण आमच्यादेखत फोडलं. मी घोट घेतला आणि माझा चेहरा वाकडा झाला.

"सिरका झाला न्हवं?" मामा हसले. वाटी यांच्यापुढं केली. "घ्या. ह्यात नशा उरली न्हाय, आता ह्याला तुमची शपथ लागत न्हाय."

यांनी वाटी रिकामी केली. मामांच्या डोळ्याचं त्यांना सासूबाईंकडून कळलेलं होतं. ते त्याबद्दल बोलायला गेले. "ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "कांदा चिरून घाला त्यात."

बन उरलं नाही, तसं मामांचं गावात काही राहिलं नाही. लेक त्यांना सोलापूरला न्यायला आली. गाडी जुंपलेली, पारावर माणसं बसलेली. गावात आता पुढारी म्हणून मान असलेले आमचे हे पुढं झाले आणि शिंदीवाल्या मामांच्या पायावर त्यांनी डोकं ठेवलं.

मामा अवघडून मागं सरले. "उठा, लोक बघायलेत."

"बघू द्या," हे म्हणाले, आणि तसेच वाकून राहिले.