पावणेआठ

१४ ऑगस्ट. ट्रॉलीभाडे, रुपये ६१२ फक्त. हे बिल जलमापन कार्यालयात माझ्या टेबलावर आलं आणि ‘पूर आला नाही, सबब खर्च मंजूर करता येत नाही’ असा शेरा घेऊन परत गेलं. शेरा मीच लिहिला. नियम तसा होता.

बिल पाठवणारा माणूस पुलाजवळचा पट्टीवाला. पुलाच्या मधल्या खांबावर मीटरच्या खुणांची पट्टी रंगवली आहे. पाणी कुठवर चढलं ते वाचून फोनवर कळवायचं, हे त्याचं एकतीस वर्षांचं काम. पट्टीवरच्या बारीक रेघा केव्हाच पुसल्या; पूर्ण, पाव, अर्धा आणि पाऊण मीटरच्या तेवढ्या उरल्या. रंग मागून मागून तो थकला, आणि त्याची बोलीही पट्टीसारखी झाली: सव्वापाच, साडेपाच, पावणेसहा. आठ मीटर ही धोक्याची रेघ. पाणी तिच्यावर गेलं की खालची वस्ती हलवायची.

नदी बदलली हे त्याच्या वह्यांवरून कुणालाही कळलं असतं. पूर्वी वरच्या माळावर मोठा पाऊस झाला, तर पाणी पुलाशी यायला दीड दिवस लागायचा. पुढे तिथली गवताची रानं नांगरली गेली, तळी गाळाने भरली, ओढे खोदून सरळ केले. आता तेच पाणी नऊ तासांत येतं, आणि पात्र उथळ झाल्यामुळे हातभर जास्त चढतं. हे त्याने तीन वेळा लेखी कळवलं. उत्तर एकदाच आलं: नोंद घेतली आहे.

१४ ऑगस्टला दुपारी त्याने फोन केला. “पावणेआठ. स्थिर आहे.”

फोनवर कार्यालयातल्या नव्या बाई होत्या. हुशार, पण सगळं शिक्षण दशांशात झालेलं. पावणे म्हणजे पाव जास्त, असं त्यांनी मनाशीच ठरवलं आणि लिहिलं: ८.२५. तासाभरात वस्ती हलवण्याचा हुकूम आला. पाणी रेघेखाली आहे हे पट्टीवाल्याला समोर दिसत होतं. पण वरून काही खबर आली असेल, असं समजून त्याने विचारलं नाही. पाणी चढलेलं असताना तो पूल सोडत नसे, म्हणून त्याने ट्रॉलीवाल्याला वस्तीत धाडलं.

चाळीस घरं भर पावसात टेकाडावरच्या शाळेत गेली. पट्टीवाल्याची थोरली बहीण, जिला सगळी वस्ती अक्का म्हणते, सांधे धरल्यामुळे खाटेला खिळलेली. तिला खाटेसकट उचललं. संध्याकाळी पाणी साडेसातवर उतरलं. दुसऱ्या दिवशी भिजलेली गाठोडी घेऊन सगळे परतले, आणि वह्या ताडून पाहिल्यावर चूक सापडली.

“काय पावणे, चहा घेऊन जाणार, की पुन्हा सामान बांधायला लावणार?” वस्तीतल्या दुकानदाराने विचारलं. तेच नाव चिकटलं.

“पावण्याचं बरं असतं,” पट्टीवाला म्हणाला, “तो निदान जातो तरी. मला कोण सोडतंय?”

अक्का मात्र हसली नाही. “पुन्हा मला उचलायला आलास, तर चार खांदेकरी घेऊनच ये.”

आणि अक्का हलली तर आम्ही हलू, असं बाकीच्या घरांनी ठरवून टाकलं.

३ सप्टेंबरला सकाळी पाणी साडेसात होतं. अकराला ते रेघेवर गेलं. त्याने फोन केला. “आठ पूर्णांक पंचवीस शतांश. आठच्या वर, बाई. वर.”

“आठच्या वर,” बाई हळूच म्हणाल्या. “लिहिलं.”

हुकूम निघाला. ट्रॉलीवाला वस्तीत जाऊन रिकामाच परत आला. “दुकानदार विचारतोय, पावणे की सव्वा. सगळे दात काढतायत.”

पट्टीवाल्याने वही प्लास्टिकच्या पिशवीत बांधली आणि तो ट्रॉलीत चढला.

अक्काच्या दाराशी पाऊल टाकतो तोच आतून आवाज आला. “खांदेकरी आणलेस?”

“ट्रॉली आणली आहे.”

“मागचं भाडं दिलंस का त्याचं?”

“नाही.”

“ते आमचं आम्ही बघून घेऊ, अक्का,” ट्रॉलीवाला बाहेरून ओरडला. “तुम्ही आधी चढा!”

“पाणी किती आहे?”

पट्टीवाला उंबऱ्यावर बसला. त्याने बूट काढून त्यांतलं पाणी ओतलं. “आकडे सांगून कंटाळलो, अक्का. इथेच बसतो. घरात आलं की इथूनच मोजीन.”

अक्काने त्याच्या पाठीकडे पाहिलं. “पुलावर कोण आहे मग?”

“कोणी नाही.”

“आई गेली तेव्हाही तू पुलावरून उठला नव्हतास.”

“नव्हतो.”

अक्काने उशाखालचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. “मग बसलास काय असा? उचल खाट.”

खाट ट्रॉलीत चढताना दिसली तसं दुकानदाराने फळ्या लावायला घेतल्या. अडीच तासांत चाळीसही घरं रिकामी झाली. चारच्या सुमाराला पाणी वस्तीत शिरलं. अक्काच्या घरात ते खिडकीला लागलं. माणूस एकही दगावला नाही. घरातला गाळ काढायला पुढे तीन आठवडे लागले, आणि अक्काची खाट तोवर शाळेच्या व्हरांड्यातच राहिली.

पट्टीवाल्याच्या वहीत त्या दिवशी बारा, एक आणि दोनच्या नोंदी नाहीत. कार्यालयाने खुलासा मागवला. त्याने एकच ओळ लिहिली: ‘मी जागेवर नव्हतो.’ पट्टीला अजून रंग दिलेला नाही.

३ सप्टेंबरचं भाडं मंजूर झालं. १४ ऑगस्टचं झालं नाही. ते तो स्वतःच्या मानधनातून महिन्याला शंभर याप्रमाणे फेडतो आहे. पाच हप्ते झाले. ट्रॉलीवाल्याचे ११२ रुपये बाकी आहेत.