दवातली कापणी

विदोसावा वरच्या कुरणावर पोहोचली तेव्हा अर्ध्याहून जास्त गवत आडवं झालं होतं. तिचा धाकटा दीर मिलोये लांब दांड्याचा विळा चालवत होता. कमरेतून वळायचं, पातं जमिनीलगत फिरवायचं, एक पाऊल पुढे. गवताबरोबर कांतारियोनची, भाजल्यावर लावायच्या तेलाची पिवळी फुलंही पडत होती.

दुसऱ्या दिवशी इवानदानचा सण होता. ड्रिना नदीकाठच्या त्या डोंगरात सणाआधी वरच्या कुरणाला कोणी विळा लावत नाही. आधी बायका फुलं खुडतात, मग पुरुष गवत कापतात. भावाभावांची डोकी फुटली, पण हा रिवाज कोणी मोडला नव्हता.

"मिलोये, थांब."

"कुरण माझ्या वाटणीचं आहे, वहिनी. तेल हवं तर बाजारातून आण."

"बाजारातलं पाहिलंय. नुसता रंग असतो."

"मग रंग लाव. त्याला काय कळतंय."

त्याला म्हणजे तिच्या नवऱ्याला, ओब्रादला. त्याच वसंतात भावांची कोळशाची भट्टी खचली होती. लाकडाच्या ढिगावर माती थापून आत विस्तव धुमसत ठेवायचा, आणि माती जिथे बसेल तिथे वर चढून ती बुजवायची. त्या दिवशी चढला होता मिलोयेचा मुलगा नेनाद. पायाखालची माती गेली आणि तो कमरेपर्यंत निखाऱ्यात उतरला. ओब्रादने त्याला उघड्या हातांनी ओढून काढलं. पोरगा संध्याकाळपर्यंत ओरडत होता, मग कायमचा गप्प झाला. माती ओब्रादने नीट ठोकली नव्हती, असं मिलोये म्हणे. खरं काय ते भट्टीबरोबर जळालं.

ओब्रादच्या बोटांची कातडी आता आवळत चालली होती. रोज तेल चोळून बोटं वाकवली नाहीत तर ती तशीच आखडणार, हे इस्पितळातही सांगितलं होतं. घरातलं तेल संपलं होतं. नव्या तेलाला ऊन लागतं, फुलं लागतात, आणि फुलं कोरडी लागतात. दव सुकल्यावर खुडायची, धुवायची नाहीत, बरणीत सैल भरून तेलात पूर्ण बुडवायची. एक ओली मूठ गेली की बरणीभर बुरशी. विळा मात्र दवातच चांगला चालतो. कापून पडलेली फुलं ओल्या गवताखाली दबून काळी पडतात. मिलोयेला हे माहीत होतं. विदोसावाला तेल करायला त्याच्याच आईने शिकवलं होतं.

तिने जाऊन विळ्याचा दांडा धरला. सारं तरुणपण तिने लाकडाच्या वखारीत फळ्या वाहिल्या होत्या. तिची पकड सुटेना. मिलोयेने कोपर तिच्या छातीत मारलं. ती त्याच्या मनगटाला चावली. त्याने मोकळ्या हाताने तिच्या तोंडावर ठोसा हाणला, तशी ती पडली. तोंडात रक्त आलं. एक दात हलत होता. तो तिने बोटाने उपटून गवतात टाकला.

काटेरी झुडपांच्या कडेला एक पट्टा अजून उभा होता. ती तिथे गेली आणि फुलांत आडवी झाली.

"ऊठ."

"काप."

"वहिनी, मी कापीन. माझं डोकं ठिकाणावर नाही."

"ठाऊक आहे. डोकं असतं तर भावाचे हात पाहायला एकदा तरी आला असतास. चमचा धरता येत नाही त्याला. मी भरवते."

"माझ्या पोराला कोण भरवतंय?"

त्याने विळा फिरवला. तिच्या डोक्यापाशी गवत पडलं. पुन्हा फिरवला, कमरेपाशी पडलं. ती हलली नाही. तिसऱ्या वेळी पातं तिच्या पोटरीत शिरलं. आवाज ओल्या गवताचाच आला, म्हणून आधी त्याला कळलंच नाही. मग पातं अडकलं.

ती ओरडली, ते रानभर ऐकू गेलं. मिलोयेने पातं ओढून काढलं आणि मटकन खाली बसला. तिने डोक्याचा रुमाल सोडून पोटरीवर आवळला. तो मदतीला सरकला तसं तिने चांगल्या पायाने त्याच्या तोंडावर लाथ मारली. मग दोघंही नाक-तोंड पुसत बसून राहिले.

ऊन वर आलं. दव सुकलं. विदोसावा बुडावर सरकत सरकत फुलं खुडू लागली. रक्त लागलेली टाकायची, कोरडी झोळीत. पट्टा छोटा होता, पण तिने एक फूल सोडलं नाही. मिलोये बघत होता.

ती उभी राहायला गेली तेव्हा पाय टेकेना. त्याने विळ्याचं पातं सोडवलं आणि नुसता दांडा तिच्या पुढे टाकला.

"त्याला सांग, माझ्या दारात यायचं नाही."

"दार वाजवायला मूठ वळावी लागते."

दांड्यावर रेलून ती उतरली. पाऊलवाटेवर तिने तीनदा उलटी केली, पण झोळी सांडू दिली नाही.

त्या वर्षी एकच बरणी भरली. उन्हाळाभर खिडकीत ठेवून तेल गडद लाल झालं. रोज ती ओब्रादच्या बोटांना चोळून एकेक वाकवायची. तो शिव्या द्यायचा, ती वाकवायची. थंडी पडेपर्यंत उजव्या हाताची तीन बोटं वळू लागली. डाव्या हाताला तेल पुरलं नाही.