नोटीस छापली, पण आपल्या पेपरात

मंडळी, आज काउंटी क्लर्कच्या सरकारी ऑफिसातून हात हलवत परत आलो.

आमच्या हिच्या पोळीभाजीच्या डब्यांसाठी एलएलसी काढली होती. इथे न्यूयॉर्कात अशा कंपनीची नोटीस दोन पेपरांत सहा आठवडे छापावी लागते. मी शहाण्याने ती दोन देशी साप्ताहिकांत दिली. वर गणपती, खाली हिचा फोटो!

काउंटरवरची बाई कात्रणं बघून म्हणाली, "सर, पेपर आम्ही ठरवून देतो. हे चालणार नाही."

नोटीस छापायची चार महिन्यांची मुदतही संपलेली. आता पुन्हा सहा आठवडे. डब्यांसाठी भाड्याने ठरवलेल्या किचनचा मालक थांबेना, त्याने जागा दुसऱ्याला दिली.

घरी सांगितलं, तर ही म्हणते, "अहो, फोटो तरी बरा आला होता!" आणि किचनवर लावायला करून आणलेली कंपनीच्या नावाची पाटी गुपचूप कपाटात ठेवली.

बासष्टाव्या वर्षी हिला "पुन्हा करू" असं कोणत्या तोंडाने म्हणू?