डोक्यावर चार बोटं जागा

माझ्या बायकोला समुद्र बघायचा होता. डॉक्टरांनी तिच्या पोटाचे कागद पुन्हा एकदा चाळले, बाजूला ठेवले आणि मला म्हणाले, आता कुठं न्यायचं असेल तर घेऊन जा, खावंसं वाटेल ते द्या. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण असल्या बोलण्याचा अर्थ लावायला शाळा लागत नाही. ती बाहेर बाकावर बसली होती. काय म्हणाले, तिनं विचारलं. हिंडून या म्हणाले, एवढंच मी सांगितलं. ती म्हणाली, "मग समुद्र."

ती बन्नूरची. उसात आणि भातात वाढली, लग्न होऊन म्हैसुरात आली आणि इथंच राहिली. मोठं पाणी म्हणजे तिच्या लेखी कालवा. आमचा मुलगा बेंगळुरात नोकरीला आहे. सुटी मिळाली की कॅमेरा आणि तिपाई घेऊन निघतो. डोंगर, आभाळ, पाणी काढतो. माणसं काढत नाही. चाळिशी आली तरी लग्न नाही. त्याची आई त्याला म्हणायची, नाही केलंस तेच बरं, बायकोलाही म्हणाला असतास, जरा बाजूला सरक, डोंगर दिसत नाही.

रामेश्वरच्या अलीकडं समुद्रातच एक राष्ट्रीय उद्यान आहे. बुटकी बुटकी बेटं, मध्ये उथळ पाणी, खाली प्रवाळ. तो दरवर्षी तिथं जातो. तिथंच आईला न्यायचं ठरलं.

पण मी गाडीत बसलो तो मनात वेगळंच घेऊन.

मार्केटाच्या मागच्या गल्लीत माझं फोटोंना चौकटी करायचं दुकान आहे. देव, लग्नं, पदवीचे कागद, सगळं येतं. गेलेल्या माणसांचे फोटोही येतात. त्या चौकटीला वरच्या दोन कोपऱ्यांत दोन खिळे मारायचे असतात, हार अडकवायला. फोटोत डोक्यावर जागा लागते, नाहीतर हार कपाळावर येतो. लोक रडून सुजलेल्या डोळ्यांनी कुठल्यातरी लग्नातला घोळक्याचा फोटो आणतात, हा चेहरा मोठा करून द्या म्हणतात. मग मी शेजारच्या स्टुडिओवाल्याला ओरडून सांगतो, डोक्यावर चार बोटं जागा सोड. बायको दुपारची डबा घेऊन यायची ती संध्याकाळपर्यंत थांबायची. काचा पुसायची, चौकटीच्या पाठीला खाकी कागद चिकटवायची. माझं हे ओरडणं तिनं किती वेळा ऐकलं असेल.

आणि तिचा स्वतःचा एक फोटो घरात नाही. लग्नातला आहे, त्यात मुंडावळ्यांखाली पोरीची हनुवटी तेवढी दिसते. कॅमेरा निघाला की ही पातेलं उचलून आत जायची. आधार कार्डावर आहे तो पोलिसांनी धरून आणल्यासारखा. गावभरच्या माणसांना मी चौकटीत बसवलं. हिचा चेहरा मात्र हातातून जाणार, हे मला दिसत होतं. म्हणून एक फोटो पाहिजेच होता, ती हिंडतीफिरती आहे तोवर.

मदुराईला मुक्काम करून आम्ही पोचलो. सकाळी वनखात्याच्या माणसानं होडीत बसवून एका बेटावर नेलं. ऊन अजून कोवळं होतं. मुलानं तिपाई वाळूत रोवली आणि डोळा लावून बसला. ती चप्पल काढून पाण्याच्या कडेला उभी राहिली. पाणी पायावर आलं तशी माझा दंड धरला, गेलं तशी सोडला. मग म्हणाली, "अहो, काचेची कड आहे बघा." खरंच होतं. कापलेल्या काचेच्या कडेला जो हिरवा असतो, तोच होता. आमच्या दुकानातला. तिनं मुलाला हाक मारली, हे काढ म्हणाली. मग ते पांढरे पक्षी काढ, ती वाळूवरची रेघ काढ. तोही काढत गेला. आई सांगेल ते काढताना मी त्याला पहिल्यांदाच बघितलं.

ती खूश होती. मी म्हटलं हीच वेळ. मुलाला सांगितलं, एक हिचा काढ.

मला वाटलं नेहमीसारखी तोंड फिरवेल. नाही फिरवलं. वाळूत बसली, पदर नीट केला, पाठ सरळ केली. हसत होती. मी मुलाच्या मागं जाऊन कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात डोकावलो. तिचं डोकं वरच्या कडेला टेकलं होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "डोक्यावर चार बोटं जागा सोड."

तिचं हसू गेलं. रागावली नाही. हात वर करून तळवा कॅमेऱ्यापुढं धरला.

"बेडा," म्हणाली. आमच्या घरात नको म्हणायचं ते असं कन्नडात निघतं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "दोन खिळे पण बरोबर आणलेत काय?"

मुलाला काही कळलं नाही, तो दुकानात कधी बसलाच नाही. मी म्हटलं, अगं, फोटो छान यावा म्हणून सांगितलं. ती म्हणाली, मला काय सांगताय, पाठीला कागद मीच चिकटवते. आणि मग, "मी अजून बसलेय ना हो इथं?"



तिनं माझ्याकडून शब्द घेतला. फोटो काढणार नाही, कुणाला काढू देणार नाही. आमचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, या घरात दिलेला शब्द मोडत नाहीत, ही ऐट आयुष्यभर मीच मिरवली. तीच तिनं माझ्यासमोर धरली. शब्दाचे पक्के ना तुम्ही, म्हणाली. मी शब्द दिला. मग ती मुलाला म्हणाली, तू तुझं पाणी काढ. ऊन तापेपर्यंत त्यानं पाणी काढलं, ती त्याच्या शेजारी बसून बघत राहिली. मी होडीपाशी जाऊन उभा राहिलो.

म्हैसुरात दसऱ्याचे दिवे लागायच्या आत ती गेली.

वरुणा गावाहून तिची धाकटी बहीण आली होती. दिव्यामागं फोटो नाही हे बघून सगळ्यांदेखत म्हणाली, चौकटवाल्याच्या घरात बायकोचा फोटो नाही? कुणीतरी आधार कार्डाचा मोठा करू म्हणालं. मी नको म्हटलं. हट्टी म्हणाले. म्हणू देत. नुसता दिवा ठेवला.

तेराव्याचे लोक पांगल्यावर मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, अप्पा, एक आहे. मी सांगितलं तसा त्यानं कॅमेरा जरा वर केला होता आणि बटण दाबलं होतं, तिचा हात वर यायच्या आधी. तो फोटो त्यानं फोनमध्ये घेऊन ठेवला होता.

मी फोन हातात घेतला. पाठ सरळ, पदर खांद्यावर, मागं तो हिरवा. हसत होती. डोक्यावर बरोबर चार बोटं. पडदा काळा झाला. मी फोन त्याच्यापुढं धरला, त्यानं पुन्हा उजेड आणला. पुन्हा काळा झाला, पुन्हा आणला. मग मी म्हटलं, "पूस."

"एवढा एकच आहे, अप्पा."

"शब्द दिलाय तिला."

"तुम्ही दिलाय. मी नाही."

"कुणाला काढू देणार नाही, असाही दिलाय."

त्यानं माझ्या हातातून फोन घेतला, अंगठा फिरवला, खिशात ठेवला. "आयतु, अप्पा," म्हणाला. झालं. पूस म्हणतानाच मी चष्मा काढून ठेवला होता. त्यानं काय केलं ते मला दिसलं नाही.

आता मी दुकानात बसतो. दुसऱ्यांच्या काचा स्वतःच पुसतो. मध्येच हातातलं काम थांबवून तिचा चेहरा आठवायला जातो. नाक येतं, कपाळ येतं, कुंकवाची जागा येते. हसू येत नाही. काल आलं असं वाटलं, पण ते फोटोतलं होतं की तिचं होतं, तेच कळेना.

मुलगा रविवारी फोन करतो. जेवलात का, गुडघा कसा आहे, नळाला पाणी येतंय का. पुसलास का, हे माझ्या जिभेवर येतं. हो म्हणाला तर मला ते ऐकवणार नाही. नाही म्हणाला तर मी दाखव म्हणेन, हे मला ठाऊक आहे. म्हणून विचारत नाही. तोही त्या दिवसाचं काही काढत नाही. बोलणं संपतं, आणि दोघांपैकी कुणी लगेच फोन ठेवत नाही.