बंद लिफ्टपाशी एकविरा

अन्याय झाला तो माझ्या आईवर, भाजे गावात भातखाचरांत राबणाऱ्या बाईवर. गेल्या पावसाळ्याआधी, एका सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. लोणावळ्याहून येऊन आम्ही त्या मोठ्या जंक्शनवर उतरलो होतो. तिथं चार बाजूंच्या लोकल भेटतात. आमची पुढची गाडी पुलापलीकडे. आईचे गुडघे गेलेले, लिफ्ट बंद, आणि दहाला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हजर व्हायचं. तारीख चुकली तर पुन्हा तीन महिने रांग. डोळा तेवढा थांबणार नव्हता.

मी काय केलं? पत्रकं काढणारी पोरगी करते तेच. आईला बाकावर बसवलं आणि तक्रारवही मागायला धावले. तावातावानं पानभर लिहिलं. परत आले तर एक गाडी निघून गेलेली आणि आई डोळे मिटून पुटपुटतेय, "एकविरे, तूच बघ गं बाई."

मी खेकसलेच, "आये, एकविरा काय लिफ्ट चालू कराया येणारे?"

मासळीची रिकामी खोकी चाकाच्या गाडीवर ओढत निघालेली एक कोळीण गर्रकन वळली. "कोन गो आमच्या एकविरेला हाका मारतंय?"

"आमी भाज्याचं. तिच्या डोंगरासमोरचं," आई म्हणाली.

"आगो बाय! म्हंजे एकविरा आईच्या शेजारची!" तिनं वाकून आईच्या पायांना हात लावला. आई लाजून चूर. मग माझ्याकडे बघून, "आनि तू काय लिवतेस गो? खोकी उचल!"

उचलली. खोकी माझ्या डोक्यावर, आई मोकळ्या गाडीवर. फलाटाच्या पार टोकाला दुसरा पूल होता, बिनपायऱ्यांचा, उताराचा. रोज माल ओढणाऱ्यांनाच ठाऊक. आई वरून ओरडतेय, "हळू गं, म्या काय बोंबील हाय?" अख्खा फलाट हसत होता. लोकल मिळाली. त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दहाला पाच कमी असताना दवाखान्यात पोचलो, तर नर्स नाक मुरडून म्हणाली, "मासळीबाजार करून आलात का?"

आईचा डोळा वाचला.

दर चैत्रात मी तो डोंगर चढते, पण एकविरेकडे मागत नाही. माझ्या मागण्या निवेदनात असतात. त्या सकाळी माझ्या रागानं काही हललं नाही. आईनं भार टाकला आणि तो उचलायला माणूस आलं. ह्याला काय म्हणायचं यावर मी वाद घालत नाही, आणि मी वाद घालत नाही असं क्वचितच होतं. तक्रार मी मागे घेतलेली नाही. लिफ्ट सुरू झालीच पाहिजे. पण तुमच्याकडे माझं मागणं वेगळं आहे. उद्या जिन्याखाली कुणी वर बघत उभं दिसलं, तर घड्याळ बघू नका. "कुठं जायचं, मावशी?" असं विचारा, आणि ती पलीकडे पोचेपर्यंत तिचा हात सोडू नका.