कोपऱ्यातली माती

निघायच्या सकाळी मी बायकोला मदत करायला गेलो, तिथेच दिवस बिघडला. चटणी न्यायला डबी हवी होती. ओट्यावर एक होती, तळाशी जेमतेम चमचाभर दही. मी ती लख्ख घासली. बस सुटल्यावर फोन आला, "अहो, विरजण कुठे गेलं?"

तुमसरपासून पुढे बांध्या (भाताची खाचरं) कापून मोकळ्या झाल्या होत्या. बपेऱ्याच्या पुढे नदी, पलीकडे मध्यप्रदेश. या काठावर सोनझाऱ्यांची जुनी वस्ती आहे; वाळू धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्यांची. सात मातीची घरं, त्यातल्या एकातच चूल पेटते, सुकवारा आजीची. माझा वर्गमित्र भोजराज निवृत्त चित्रकला शिक्षक. गावकऱ्यांना घेऊन तो ही घरं पुन्हा उभी करतोय. मी श्रमदानाला गेलो होतो. माझ्याबाबतीत 'श्रम' हा शब्द जरा ताणलेलाच.

"आज संध्याकाळी आजीची लेक येऊन राहिली बालाघाटवरून," भोजराज म्हणाला. "आजीच्या नवऱ्यानं मरायच्या आधी आणलेली माती आजीनं अजून धुतली नाही. घर नीट झालं का लेकीपुढं धुईन, म्हणे."

मी मान डोलावली. अशी माती मडक्यात, फडक्याने तोंड बांधून ठेवलेली असणार, हे मीच ठरवून टाकलं.

आजीने लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात वाढला. माझ्या हातांकडे बघून म्हणाली, "लई नरम हात हायेत जी. फावडं धराले जमते का?"

सगळे हसले. मला ते लागलं. जेवण होताच आजीच्या घरात शिरलो. कोपऱ्यात घुशीने उकरल्यासारखा मातीचा ढीग होता. चार घमेली भरली, नदीत नेऊन ओतली, कोपरा झाडून काढला. घाम पुसत बाहेर आलो आणि कुणीतरी शाबासकी देईल म्हणून उभा राहिलो.

आजी आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मग दारातून म्हणाली, "काहून जी, कोपऱ्यातली माती कुठी गेली?"

सोनझाऱ्याच्या घरातली माती बाहेर टाकत नाहीत, झाडलेलीसुद्धा नाही, हे भोजराजने मला तेव्हा सांगितलं. मी धावत नदीवर गेलो, पँटसकट पाण्यात उतरलो. ओंजळीत काहीतरी चमकलं. ते घेऊन आलो.

"थे अभ्रक होय, बाबू," आजी म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी लेक आली. आजीने कोपऱ्याच्या भेगांतून बोटाने मूठभर धूळ उकरली आणि लाकडी काथवटीत घालून अंगणात धुवायला बसली. काथवट गोल फिरे, पाणी काठावरून सांडे. शेवटी तळाशी काळी रेती उरली. दोघी वाकून बघत राहिल्या. पिवळं काहीच नव्हतं.

"बाबाच्या हातची थोडी तरी भेटली ना, माय," लेक म्हणाली. आजीने ती रेती पदराच्या टोकाला बांधली.

वस्ती आता सुंदर दिसते. भोजराज फोटो पाठवतो. आजीचा कोपरा सगळ्यात स्वच्छ आहे. मी तो फोटो मोठा करून बघत नाही.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती शेजारून आणलेलं विरजण दुधात ढवळत होती. मी गप्प झाल्यावर म्हणाली, "हे तरी मागून आणता आलं."